बेलव्ह्यूमधला विषशोधक

संशयास्पद मृत्यूच्या बातमीत एक वाक्य हटकून असते. शवविच्छेदन झाले असून व्हिसेरा रासायनिक तपासणीसाठी राखून ठेवण्यात आला आहे. हे वाक्य वाचून वाचक पुढच्या बातमीकडे वळतो. यकृताचा, मूत्रपिंडाचा वा मेंदूचा तुकडा बरणीत घालून प्रयोगशाळेत पाठवला की, मृत्यूचे कारण यथावकाश कळणारच, असे आता सर्वांनी गृहीत धरलेले आहे. पण शंभर वर्षांपूर्वी हे गृहीत धरण्याजोगे नव्हते. विषाने मेलेला माणूस त्या काळी बहुधा हृदयविकाराने मेला, अशी नोंद होऊन पुरला जाई आणि निरपराध माणूस केवळ संशयावरून फासावर जाण्याची शक्यता असे. ही स्थिती पालटण्यासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले त्यांत न्यूयॉर्कचे अलेक्झांडर गेटलर यांचे नाव आघाडीवर आहे. अमेरिकेतील न्यायवैद्यक विषशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखले जाते.

गेटलर यांचा जन्म १८८३ साली तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात झाला. लहानपणीच ते कुटुंबासह अमेरिकेत आले आणि ब्रुकलिनमध्ये वाढले. स्थलांतरितांच्या घरात पैशाची चणचण नेहमीचीच होती. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून पदवी घेतल्यावर कोलंबिया विद्यापीठात पुढचे शिक्षण चालू असताना ते रात्री फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटे विकत. दिवसा वर्ग आणि रात्री तिकीट खिडकी, असा क्रम कित्येक वर्षे चालला. जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ते बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयात रसायनतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. शहरातील गरीब, बेवारशी, दारुडे, वेडसर असे सर्व प्रकारचे रुग्ण या रुग्णालयात येत. गेटलर यांच्या पुढील आयुष्याची सारी सामग्री याच इमारतीत जमा होत होती.

त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये अपमृत्यूची चौकशी करण्याचे काम निवडून आलेल्या कॉरोनरांकडे होते. या पदासाठी वैद्यकीय ज्ञानाची अट नव्हती. राजकीय पक्षाशी निष्ठा एवढेच भांडवल पुरे होते. नळ जोडणारे, दारूच्या गुत्त्याचे मालक, प्रेतसंस्काराचे सामान पुरवणारे, अशी मंडळी कॉरोनर होत आणि मृत्यूचे कारण ठरवत. दाखले पैसे घेऊन बदलले जात. १९१५ सालच्या एका अधिकृत चौकशीत या कारभाराचे वाभाडे निघाले आणि कायदा बदलला. १९१८च्या आरंभी कॉरोनर पद्धत बंद झाली व मुख्य वैद्यकीय परीक्षक हे पद निर्माण झाले. स्पर्धा परीक्षेत अव्वल ठरलेले डॉ. चार्ल्स नॉरिस या पदावर आले. महापौर जॉन हायलन यांना ही नेमणूक रुचली नव्हती, पण त्यांना ती रोखता आली नाही.

नॉरिस गर्भश्रीमंत घराण्यातले, उंचेपुरे, दाढीधारी आणि सडेतोड. शहराने पैसे दिले नाहीत, तर ते स्वतःच्या खिशातून उपकरणे घेत. गेटलर त्यांच्या अगदी उलट, म्हणजे शिडशिडीत, अबोल आणि कामात गढलेले. नॉरिस यांनी त्यांना शहराचे विषतज्ज्ञ होण्यास सांगितले, तेव्हा या विषयाची धड पाठ्यपुस्तकेही अमेरिकेत नव्हती. युरोपात मात्र पाया घातला गेला होता. ऑर्फिला यांनी विषशास्त्राला शास्त्राचे रूप दिले होते. मार्श यांनी १८३६ साली सोमलाची परीक्षा शोधून काढली होती आणि स्टास यांनी बेल्जियममध्ये १८५०च्या सुमारास मृताच्या अवयवांतून निकोटिन वेगळे करून दाखवले होते. परंतु विसाव्या शतकाच्या रसायन उद्योगाने रोज नवी विषे बाजारात आणली होती. त्यांतील बहुतेकांचा शरीरात माग कसा काढावा, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

गेटलर यांनी यावर साधा पण कष्टाचा मार्ग धरला. ते खाटकाकडून यकृत विकत आणत, त्यात मोजून विष मिसळत आणि मग तेच विष पुन्हा बाहेर काढण्याचा प्रयत्न करत. किती सापडले, किती निसटले आणि कोणत्या पदार्थामुळे फसवा रंग आला, याची नोंद होई. एक पद्धत खात्रीची ठरेपर्यंत असे प्रयोग पुनःपुन्हा चालत. न्यायालयात उभे राहिल्यावर विरोधी वकील काय विचारील, याचा विचार प्रयोगशाळेतच झालेला असे. जे परीक्षानळीत दिसते त्यापलीकडे एक शब्दही बोलायचा नाही, हा दंडक त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

या पद्धतीची खरी कसोटी लागली ती दारूबंदीच्या काळात. जानेवारी १९२०मध्ये अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी लागू झाली. पिणाऱ्यांची तहान कायद्याने भागली नाही. श्रीमंतांना परदेशातून चोरून आणलेली चांगली व्हिस्की मिळत राहिली. गरिबांच्या वाट्याला मात्र काष्ठमद्य, म्हणजे मिथेनॉल मिसळलेली दारू आली. हे मिथेनॉल लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळे आणि रंग, वार्निश, इंधन यांसाठी वापरले जाई. वास आणि नशा यांवरून नेहमीच्या दारूपासून ते ओळखता येत नाही, हाच त्यातला घात होता.

मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नसते. शरीर त्याचे जे करते ते जीवघेणे ठरते. यकृतातील विकरे मिथेनॉलचे प्रथम फॉर्माल्डिहाइडमध्ये आणि मग फॉर्मिक आम्लात रूपांतर करतात. हे आम्ल हळूहळू साचते. त्यामुळे पिणारा रात्री झोपतो, सकाळी त्याला बरेही वाटते आणि मग बारा ते चोवीस तासांनी डोके ठणकू लागते, पोटात कळा येतात, डोळ्यांपुढे धुके पसरते. फॉर्मिक आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूवर घाला घालते. दोन-तीन चमचे मिथेनॉलनेही कायमचे अंधत्व आल्याची उदाहरणे आहेत. त्याहून जास्त पोटात गेले की श्वास जड होऊन माणूस दगावतो. वेळेचे हे अंतर असल्यामुळे रोग्याला व त्याच्या नातेवाइकांना आदल्या रात्रीच्या पेल्याची आठवणही येत नसे.

गेटलर यांनी काष्ठमद्याच्या विषबाधेवर दारूबंदीपूर्वीच, १९१८ साली, एका सहकाऱ्यासह लेख प्रसिद्ध केला होता. १९२० साली त्यांनी मिथेनॉल ओळखण्याच्या तोवर उपलब्ध असलेल्या पन्नासहून अधिक पद्धती एकेक करून तपासल्या आणि त्यांतल्या किती दगा देतात, ते दाखवले. त्यांची रीत अशी होती. अवयवाचा तुकडा बारीक करून त्यातून वाफ सोडायची. वाफेबरोबर निघून आलेला द्रव थंड करून गोळा करायचा. त्यातल्या मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइडमध्ये रूपांतर करायचे आणि मग निरनिराळ्या रसायनांशी येणारे रंग पाहायचे. एका रंगावर ते कधी विसंबत नसत. अनेक परीक्षा जुळल्या तरच मिथेनॉल असल्याची नोंद होई.

सरकारी धोरणाने हे संकट अधिक गडद केले. उद्योगांना लागणारे मद्यार्क करमुक्त असे, पण ते पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात विषारी द्रव्ये मिसळण्याचा नियम १९०६ सालापासूनच होता. चोरट्या दारूचे व्यापारी हे मद्यार्क पळवत आणि भाड्याच्या रसायनतज्ज्ञांकरवी त्यातली विषे काढून टाकत. ही चोरी थांबत नाही हे पाहून १९२६च्या अखेरीस सरकारने मिश्रणाची सूत्रे अधिक जहाल केली. काही सूत्रांत मिथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत नेले. मिथेनॉल पूर्णपणे वेगळे करणे फार अवघड, हे अधिकाऱ्यांना माहीत होते. पिणारे ते पितच राहणार, हेही माहीत होते.

१९२६च्या नाताळात बेलव्ह्यूच्या वॉर्डांत एकामागून एक माणसे येऊ लागली. कोणाला भास होत होते, कोणाला दिसत नव्हते. साठांहून अधिक जण अत्यवस्थ झाले आणि काही दिवसांतच मृतांची संख्या तिसाच्या वर गेली. प्रेते गेटलर यांच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली आणि कारण निश्चित झाले. नॉरिस यांनी आकडे हाती घेऊन वृत्तपत्रांना बोलावले. सरकार जाणूनबुजून मद्यार्कात विष घालते आणि त्याने लोक मरतात, तेव्हा कायद्याने नसली तरी नैतिक जबाबदारी सरकारचीच आहे, असे त्यांनी उघडपणे सांगितले. त्या एका वर्षात न्यूयॉर्क शहरात विषारी दारूने सुमारे चारशे माणसे मेली. पुढच्या वर्षी हा आकडा सातशेच्या घरात गेला. दारूबंदीचे कट्टर समर्थक मात्र कायदा मोडणाऱ्यांना मिळालेली ही शिक्षाच आहे, असे मानत राहिले.

नॉरिस बोलत होते, पण त्यांच्या शब्दांना वजन होते ते गेटलर यांच्या मोजमापामुळे. आरोप करणे सोपे असते. प्रत्येक प्रेतात किती आणि कोणते मद्य होते, हे नोंदवहीत असल्यामुळेच तो आरोप झटकून टाकता येईना. डिसेंबर १९३३मध्ये दारूबंदी उठली. त्याला अनेक राजकीय व आर्थिक कारणे होती. पण दारूबंदीने माणसे दारूपासून दूर गेली नाहीत, उलट विषाच्या जवळ आली, हे आकड्यांनी सिद्ध करण्यात बेलव्ह्यूच्या प्रयोगशाळेचा वाटा मोठा होता.

याच काळात गेटलर यांनी आणखी एक प्रश्न हाती घेतला. माणूस मेला तेव्हा तो किती प्यालेला होता? अपघात, मारामारी, बुडून मृत्यू अशा प्रकरणांत हे कळणे महत्त्वाचे असे, पण तोंडाला येणारा वास याखेरीज पुरावा नसे. त्यांनी हजारो मृतांच्या मेंदूतील मद्यार्काचे प्रमाण मोजले आणि ते प्रमाण व नशेची अवस्था यांची सांगड घातली. त्यावरील शोधनिबंध १९२७ साली प्रसिद्ध झाला. पुढे जिवंत माणसाच्या मज्जारज्जूतील द्रवावरूनही नशा मोजण्याचे प्रयोग त्यांनी केले. आज वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण पाहून गुन्हा ठरतो. त्यामागच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ही एक होती.

विषशास्त्रज्ञाचे काम गुन्हेगार पकडणे हे आहे, असा सर्वसाधारण समज असतो. गेटलर यांच्या कारकिर्दीतील काही ठळक प्रकरणे मात्र निरपराधांना सोडवणारी आहेत. १९२६ साली ब्रुकलिनमध्ये एक गोदी कामगार स्त्रीच्या प्रेताचे तुकडे नेताना पोलिसांच्या हाती लागला. रात्री दोघांनी मिळून दारू ढोसली होती, भांडण झाले होते आणि जाग आली तेव्हा ती मरून पडली होती. आपणच तिला मारले असावे, असे त्या कामगारालाही वाटत होते. नॉरिस यांना प्रेताच्या रक्ताचा रंग चेरीसारखा लालभडक दिसला. गेटलर यांच्या तपासणीत रक्त कार्बन मोनॉक्साइडने भरलेले निघाले. शेगडीवरची कॉफी उतू जाऊन ज्योत विझली होती आणि खोलीत वायू पसरला होता. तो माणूस खुनाच्या आरोपातून सुटला.

१९३५ साली ब्रुकलिनमधल्याच एका हिशेबनिसाची पत्नी आणि चार मुले पाठोपाठ दगावली. घरातल्या कोकोत थॅलियम सापडल्याचे सांगण्यात आले आणि बापालाच अटक झाली. गेटलर यांनी तपासणी नव्याने केली. मुलांच्या शरीरात थॅलियम होते, पण पत्नीच्या शरीरात नव्हते. कोकोतही नव्हते. डब्यातल्या तांब्यामुळे पहिल्या तपासनिसाची फसगत झाली होती. थॅलियम मुलांच्या पोटात कसे गेले, हे कोडे सुटले नाही. पण बापाविरुद्धचा पुरावाच उरला नाही आणि तो मोकळा झाला. एका रंगाच्या फसव्या छटेवर एक आयुष्य टांगलेले होते.

दारूबंदीच्या अखेरच्या वर्षातले माइक मलॉय या बेघर दारुड्याचे प्रकरण न्यूयॉर्कमध्ये अजूनही सांगितले जाते. ब्राँक्समधल्या एका गुत्तेवाल्याने व त्याच्या साथीदारांनी मलॉयचा विमा उतरवला आणि त्याला फुकट दारू पाजून मारण्याचा घाट घातला. नुसत्या दारूने तो मरेना, तेव्हा काष्ठमद्य पाजले. तरीही तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गुत्त्यावर हजर होई. याचे रहस्य आजचे वैद्यकशास्त्र सांगू शकते. साधी दारू आणि मिथेनॉल यांचे विघटन करणारे विकर एकच असते आणि ते साध्या दारूला प्राधान्य देते. पोटात दोन्ही असतील तर मिथेनॉलचे विषात रूपांतर रेंगाळते. मिथेनॉल विषबाधेवरचा एक उपचारही याच तत्त्वावर बेतलेला आहे. मलॉय बहुधा यामुळेच तगला असावा. अखेर फेब्रुवारी १९३३मध्ये मारेकऱ्यांनी त्याच्या तोंडात गॅसची नळी कोंबली. न्यूमोनियाचा खोटा दाखला घेऊन प्रेत पुरण्यात आले. ते उकरून काढल्यावर कार्बन मोनॉक्साइडने आपली साक्ष दिली. १९३४ साली चौघांना विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला.

कारखान्यांतील विषांचाही माग गेटलर यांनी काढला. १९२४ साली न्यू जर्सीतील तेलशुद्धीकरण कारखान्यात पेट्रोलमध्ये मिसळायच्या शिशाच्या संयुगाने पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यांच्या अवयवांत शिसे सापडले. घड्याळाच्या तबकड्यांना रेडियमचा रंग देणाऱ्या कामगार मुलींचे प्रकरण त्याहून करुण आहे. ब्रशाला टोक यावे म्हणून त्या तो ओठांत धरत. त्यांपैकी १९२२ साली मेलेल्या एका तरुणीच्या दाखल्यावर उपदंश असे लिहिले होते. १९२७ साली तिचे प्रेत बाहेर काढून गेटलर यांनी हाडे स्वच्छ केली आणि अंधाऱ्या खोलीत एक्स-रे फिल्मवर ठेवली. फिल्मवर हाडांच्या खुणा उमटल्या. पाच वर्षांनंतरही हाडे किरण सोडत होती. आजारी कामगार स्त्रियांच्या दाव्याला यातून बळ मिळाले आणि १९२८ साली कंपनीला तडजोड करणे भाग पडले.

गेटलर यांचे सारेच निष्कर्ष काळाच्या कसोटीला उतरले, असे नाही. हृदयाच्या डाव्या व उजव्या कप्प्यातील रक्तात क्लोराइड किती, यावरून माणूस बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला गेला, हे ठरवण्याची पद्धत त्यांनी १९२१ साली मांडली. ती जगभर वापरली गेली, पण पुढे विश्वसनीय नसल्याचे आढळून मागे पडली. १९२२ साली ब्रुकलिनच्या एका हॉटेलात वृद्ध दांपत्याचा गूढ मृत्यू झाला. त्यांच्या फुप्फुसांत गेटलर यांना सायनाइड सापडले. ढेकूण मारण्यासाठी तळघरात सोडलेल्या वायूचा तो परिणाम होता. तरीही बचावाच्या वकिलांनी या नव्या शास्त्राची खिल्ली उडवली आणि आरोपी सुटले. या पराभवानंतर गेटलर यांनी सायनाइडचा अभ्यास नेटाने पुढे नेला. न्यायालयाला शास्त्र पटत नसेल, तर शास्त्रच अधिक पक्के केले पाहिजे, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला.

नॉरिस १९३५ साली वारले. त्यांच्यानंतर थॉमस गोन्झालेस आणि मिल्टन हेल्पर्न हे मुख्य परीक्षक झाले आणि गेटलर या तिघांच्याही काळात त्याच प्रयोगशाळेत काम करत राहिले. एक्केचाळीस वर्षांच्या सेवेनंतर १९५९च्या आरंभी, वयाच्या पंचाहत्तरीत, ते निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी अमेरिकेतील अनेक शहरांच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले आणि गेटलरची मुले म्हणूनच ओळखले गेले. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणे हा या काटेकोर माणसाचा एकमेव बेहिशेबी छंद असावा. ऑगस्ट १९६८मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकन न्यायवैद्यक अकादमीचा विषशास्त्र विभाग त्यांच्या नावाने पुरस्कार देतो.

आज वाफ आणि रंगांच्या परीक्षांची जागा वायू-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापनाच्या यंत्रांनी घेतली आहे. हेरॉइन, फेंटानिल किंवा पार्टीतल्या गोळ्यांच्या अतिसेवनाने झालेला मृत्यू रक्ताच्या काही थेंबांवरून उलगडता येतो. पण मिथेनॉल मात्र इतिहासजमा झालेले नाही. २००४ साली विक्रोळीत आणि जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने बळी घेतले. मालवणीत मृतांची संख्या शंभरावर गेली. २०२४ साली तमिळनाडूत कल्लाकुरिची येथे साठांहून अधिक जण मेले. मरणारे पुन्हा तेच होते, हातावर पोट असलेले, स्वस्तातला पेला शोधणारे. त्यांच्या मृत्यूचे कारण आता काही तासांत कळते. गेटलर यांनी शंभर वर्षांपूर्वी प्रेतांतून जे वाचले होते, तेच प्रत्येक अहवालात पुन्हा लिहिले जाते. विष शोधण्याचे काम शास्त्राने पुरे केले. ते पेल्यापर्यंत पोहोचू न देण्याचे काम शास्त्राचे नाही आणि ते अजून उरलेले आहे.